तुरुंगातला कागद बाहेर कोण नेणार?

नोव्हेंबर 1962 मध्ये, भारत-चीन युद्धाच्या धामधुमीत, महाराष्ट्र सरकारने भारत संरक्षण नियमांखाली प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांना स्थानबद्ध केले. कम्युनिस्ट चळवळीतले संझगिरी मुंबईच्या जिल्हा तुरुंगात बसून, सरकारच्याच परवानगीने, एक पुस्तक लिहीत होते. पुस्तक मराठीत होते, नाव ‘अणूच्या अंतरंगात’, आणि विषय निव्वळ विज्ञानाचा. सप्टेंबर 1963 मध्ये त्यांनी हस्तलिखित छपाईसाठी पत्नीकडे पाठवू द्यावे असा अर्ज केला, तो सरकारने फेटाळला. उच्च न्यायालयाने पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली, यात राजकारण नाही आणि देशाच्या संरक्षणाला बाध येईल असेही काही नाही असा निर्वाळा दिला व हस्तलिखित बाहेर पाठवण्याचा आदेश दिला. एका विज्ञानाच्या पुस्तकापायी राज्य सरकार मग सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारचे म्हणणे असे होते की, स्थानबद्ध माणसाने आपली सगळी स्वातंत्र्ये गमावलेली असतात, स्थानबद्धतेच्या नियमांत ज्या सवलती लिहिल्या आहेत तेवढ्याच त्याला मिळतात, आणि पुस्तक छापायला पाठवण्याची सवलत त्या नियमांत कुठेच नाही. 6 सप्टेंबर 1965 रोजी न्यायमूर्ती सुब्बा राव यांच्या निकालाने हा युक्तिवाद मोडीत निघाला. नियम सवलती देत नाहीत, ते बंधने घालतात, आणि जे बंधन कायद्याने घातलेले नाही ते तुरुंगाधिकाऱ्याला आपल्या मर्जीने घालता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

तुरुंगात गेलेला माणूस नागरिक राहतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने 1965 मध्येच मिळाले होते, आणि तेही एका मराठी हस्तलिखिताच्या निमित्ताने. पुढे 1974 मध्ये विशाखापट्टणमच्या तुरुंगातल्या नक्षलवादी कैद्यांच्या खटल्यात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी तेच तत्त्व आणखी स्पष्ट शब्दांत मांडले : शिक्षा झाली म्हणून माणसाचे सगळे मूलभूत हक्क संपत नाहीत. तत्त्व असे ठाम होते, तरी त्याच वर्षांत बिहारच्या तुरुंगांत काय चालले होते ते पाहा. एक माणूस नोव्हेंबर 1968 पासून आत होता आणि त्याचा खटला दहा वर्षांनीही उभा राहिला नव्हता. दुसरा जून 1970 पासून रांचीच्या तुरुंगात होता. त्याच्यावरचा शस्त्र कायद्याखालचा आरोप सिद्ध झाला असता तर त्याला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा झाली असती. खटला न चालता त्याने आठ वर्षे काढली. संझगिरींना मिळालेला हक्क या दोघांनाही कागदोपत्री तितकाच होता. फरक इतकाच की, संझगिरी लिहू शकत होते, त्यांना कायदा माहीत होता आणि त्यांच्या मागे बाहेर माणसे होती. या दोघांसाठी उच्च न्यायालयाची पायरी चढणारे कोणी नव्हते. माझे प्रतिपादन या फरकावर उभे आहे. भारतातल्या कैद्यांचे हक्क राज्यघटनेच्या कलमांतून आपोआप उगवले नाहीत, आणि केवळ न्यायमूर्तींच्या उदारतेतूनही आले नाहीत. तुरुंग आणि न्यायालय यांच्यामधले अंतर स्वतःच्या पायांनी तोडणाऱ्या, सरकारकडून पगार न घेणाऱ्या आणि कैद्याकडून फी न घेणाऱ्या माणसांनी व संस्थांनी ते प्रत्यक्षात आणले. 1978 ते 1983 या सहा वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो.

या वर्षांच्या आधी आणीबाणी होती, आणि ती वगळून हा इतिहास सांगता येत नाही. जून 1975 ते मार्च 1977 या काळात एकट्या ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली सुमारे 35 हजार माणसे स्थानबद्ध झाली. खासदार, प्राध्यापक, वकील, संपादक, कामगार पुढारी येरवडा, नाशिक, ठाणे अशा तुरुंगांत महिनोन्‌महिने राहिले. स्वातंत्र्यलढ्यानंतर प्रथमच बोलक्या, लिहित्या वर्गाने तुरुंग इतक्या मोठ्या संख्येने आतून पाहिला. राजबंद्यांच्या बराकीपलीकडच्या बराकीत असलेले साधे कैदी त्यांना दिसले : क्षुल्लक चोरीत पकडलेले, जामीनदार न मिळाल्याने अडकलेले, आपली पुढची तारीख कधी आहे हेही माहीत नसलेले. एप्रिल 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मताने निकाल दिला की, आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचे दार ठोठावण्याचाच अधिकार नाही. न्यायमूर्ती ह. रा. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने नागरी स्वातंत्र्य आणि लोकशाही हक्कांसाठी एक संघटना उभी राहिली. तिचे अध्यक्ष होते सासवडला जन्मलेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद सोडून सर्वोच्च न्यायालयात वकिली करणारे वि. म. तारकुंडे. हीच संघटना 1980 मध्ये ‘पीयूसीएल’ या नावाने नव्याने बांधली गेली. राजकीय कैदी सुटले की तुरुंगाचा विषय संपतो, अशी आपल्याकडची जुनी सवय होती. आणीबाणीनंतर ती काही प्रमाणात मोडली, कारण आत जाऊन आलेल्यांपैकी काहींनी मागे राहिलेल्यांची आठवण ठेवली.

तरी बिहारच्या कच्च्या कैद्यांची गोष्ट बाहेर आली ती एका पोलीस अधिकाऱ्यामुळे. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले के. एफ. रुस्तमजी हे सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. निवृत्तीनंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून ते बिहारच्या तुरुंगांत गेले आणि तिथे जे पाहिले त्यावर त्यांनी 8 व 9 जानेवारी 1979 रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये दोन लेख लिहिले. ते दिल्लीतल्या वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी वाचले. अडचण अशी होती की, बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका कैद्याने स्वतः किंवा त्याच्या नातेवाइकाने करायची असा प्रघात होता. कैद्याच्या सहीचे वकीलपत्र लागे, आणि ज्यांच्यासाठी याचिका करायची त्यांना हिंगोरानी यांनी कधी पाहिलेही नव्हते. त्यांनी वर्तमानपत्रातल्या लेखांच्या आधारावरच याचिका तयार केली आणि ती स्वतःच्या जबाबदारीवर दाखल केली. यादीतल्या पहिल्या नावावरून ती ‘हुसैनआरा खातून’ खटला म्हणून ओळखली जाते. न्यायमूर्ती प. न. भगवती यांच्या पीठाने ती ऐकायला घेतली आणि 12 फेब्रुवारी 1979 रोजी पहिला आदेश दिला : कैद्यांना जातमुचलक्यावर सोडा, आणि कोण किती दिवसांपासून कशासाठी आत आहे याची यादी सरकारने सादर करावी.

खरे काम या यादीपासून सुरू झाले, आणि इथे ते जवळून पाहण्यासारखे आहे. सरकारने दिलेल्या याद्या म्हणजे नावांचे नुसते ढिगारे होते. त्यांतून काही निष्पन्न होण्यासाठी प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी मांडाव्या लागत : माणूस कोणत्या तारखेला आत आला, त्याच्यावर कोणते कलम लावले आहे, आणि त्या कलमाखाली कमाल शिक्षा किती. पहिल्या तारखेपासून आजवरचा काळ मोजायचा आणि तो कमाल शिक्षेपेक्षा जास्त भरतो का ते पाहायचे. हिंगोरानी यांनी असे तक्ते करून न्यायालयापुढे ठेवले, आणि ज्यांचा काळ कमाल शिक्षेच्या पलीकडे गेला होता त्यांना तात्काळ सोडण्याचे आदेश त्या तक्त्यांच्या आधारे निघाले. या हिशेबाला कायद्याचे गाढे ज्ञान लागत नव्हते. तुरुंगातल्या कोणत्याही कारकुनाला तो करता आला असता, पण दहा वर्षे कोणी केला नाही, कारण तो करणे कोणाच्याच कामात बसत नव्हते. त्याच याद्यांतून आणखी एक भयंकर प्रकार उघड झाला. काही स्त्रिया कोणत्याही गुन्ह्याच्या आरोपावरून आत नव्हत्या. त्या गुन्ह्याला बळी पडलेल्या होत्या किंवा साक्षीदार होत्या, आणि ‘संरक्षणासाठी’ म्हणून त्यांना तुरुंगात ठेवले होते. न्यायालयाने त्यांना तुरुंगातून हलवण्यास सांगितले. या खटल्यामुळे देशभरात सुमारे 40 हजार कच्चे कैदी सुटल्याचे सांगितले जाते. शीघ्र खटला आणि गरिबाला मोफत वकील हे जगण्याच्या हक्काचेच भाग आहेत, हे तत्त्वही याच खटल्याने पक्के केले. मात्र तत्त्वाआधी तक्ता आला होता, ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकांत सहसा सांगितली जात नाही.

कागद आतून बाहेर येण्यात जशी अडचण, तशीच बाहेरून आत जाण्यातही होती. महाराष्ट्रातला होसकोट खटला याच दुखण्याचा. विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाबद्दल एका प्राध्यापकाला सत्र न्यायालयाने न्यायालय उठेपर्यंतची नाममात्र कैद दिली होती. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1973 मध्ये ती वाढवून तीन वर्षे केली. सर्वोच्च न्यायालयात जायचे तर निकालाची प्रत हवी, आणि ती आपल्याला 1978 मध्ये मिळाली असे कैद्याचे म्हणणे होते. तोवर चार वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि शिक्षाही भोगून झाली होती. तुरुंगाधिकारी म्हणाले की प्रत दिली होती, पण कैद्याच्या सहीची पोच त्यांच्यापाशी नव्हती. 17 ऑगस्ट 1978 च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दंडक घातला की, निकालाची प्रत कैद्याला विनामूल्य आणि वेळेत मिळाली पाहिजे, ती मिळाल्याची त्याची लेखी पोच तुरुंगाने घेतली पाहिजे, आणि त्याची ऐपत नसेल तर अपिलासाठी वकीलही राज्याने पुरवला पाहिजे. एका सहीच्या अभावी अपिलाचा हक्क कसा मातीमोल होतो, ते या खटल्याने दाखवले.

तिहार तुरुंगातल्या सुनील बत्रा प्रकरणात तर एक पत्र पुरेसे ठरले. फाशीची शिक्षा झालेल्या बत्रांना 1894 च्या तुरुंग कायद्याच्या आधारे एकांतात डांबले होते. त्याच खटल्याबरोबर चार्ल्स शोभराज याच्या पायांतल्या, जवळपास दोन वर्षे उतरवल्या न गेलेल्या दंडाबेडीचाही प्रश्न आला. ऑगस्ट 1978 मध्ये घटनापीठाने दोन्ही प्रकारांना लगाम घातला : अपील आणि दयेचा अर्ज यांचा शेवटचा निकाल लागेपर्यंत माणूस ‘फाशीचा कैदी’ ठरत नाही, आणि कोणालाही अशी बेडी सरसकट, अनिश्चित काळ घालता येत नाही. पुढे याच बत्रांनी सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले, आणि त्यात स्वतःसाठी काही मागितले नव्हते. एका वॉर्डरने दुसऱ्या कैद्याच्या नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी त्या कैद्याचा अमानुष छळ केला होता, त्याची ती तक्रार होती. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. डॉ. वाय. एस. चितळे आणि मुकुल मुद्गल या वकिलांना न्यायालयाचे मित्र म्हणून नेमले, आणि तुरुंगात जाण्याचा, कैद्याला भेटण्याचा, दप्तर पाहण्याचा, साक्षीदारांशी बोलण्याचा अधिकार त्यांना दिला. जखमी कैद्याची हकीकत दडपण्याचे प्रयत्न त्यांच्या पाहणीपुढे टिकले नाहीत. डिसेंबर 1979 च्या निकालात न्यायालयाने तक्रारपेट्या, जिल्हा न्यायाधीशांच्या भेटी, कैद्यांसाठी हक्कांची पुस्तिका, आणि नेमलेल्या वकिलांना कैद्यांची खासगीत भेट घेण्याची मुभा अशा व्यवस्था सांगितल्या. पत्र कैद्याचे होते, पण बाहेरचा माणूस आत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आला म्हणून ते पुराव्यात उतरले.

ज्यांना पत्रही लिहिता येत नव्हते, त्यांचे काय? जानेवारी 1982 मध्ये हजारीबागच्या ‘फ्री लीगल एड कमिटी’ने न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहून कळवले की, तिथल्या मध्यवर्ती तुरुंगात काही माणसे दोन-दोन, तीन-तीन दशके पडून आहेत. कधीकाळी वेडसर ठरवून त्यांना आत ठेवले होते. त्यांतले काही पुढे बरे झाले, तशी नोंदही झाली, पण त्यांना सोडण्याचा कागद कोणी काढला नाही. वीणा सेठी खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात न्यायालयाने त्यांची सुटका केली आणि घरी जाण्याच्या खर्चाची सोयही करायला लावली. पुढच्याच वर्षी रुदुल शाह प्रकरण आले. 3 जून 1968 रोजी निर्दोष सुटलेला हा माणूस मुझफ्फरपूरच्या तुरुंगातून बाहेर पडला तो 16 ऑक्टोबर 1982 रोजी. तो वेडा होता अशी सबब सरकारने सांगितली, तिला पुरावा काही नव्हता. याही खटल्यात वकील हिंगोरानीच होत्या. सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने 1 ऑगस्ट 1983 रोजी, आधी दिलेल्या 5 हजारांखेरीज 30 हजार रुपयांची अंतरिम भरपाई राज्याने द्यावी असा आदेश दिला. मूलभूत हक्क मोडल्याबद्दल सरकारने नागरिकाला थेट पैसे मोजावेत, हा पायंडा इथे पडला. रक्कम चौदा वर्षांच्या मानाने तुटपुंजी होती, यात शंका नाही. पण तोवर असे पैसे मागायला दिवाणी दावा लावावा लागे, आणि तो दावा लावण्याची ऐपत असलेला माणूस सहसा चौदा वर्षे विसरला जात नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या पर्वाचा सर्वांत सुफळ निकाल शीला बर्से यांच्या पत्रावर आला. मुंबईच्या या पत्रकार महिलेने मे 1982 मध्ये मुंबई मध्यवर्ती तुरुंगातल्या 15 महिला कैद्यांशी बोलणे केले. त्यांपैकी पाच जणींनी सांगितले की पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली. बर्से यांनी हे सर्वोच्च न्यायालयाला लिहून कळवले. न्यायालयाने चौकशीचे काम पोलिसांकडे किंवा तुरुंग खात्याकडे सोपवले नाही. निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. आर्मायटी देसाई यांना आत जाऊन महिला कैद्यांशी बोलायला सांगितले. त्यांच्या अहवालातून मारहाणीच्या पलीकडचीही दुखणी पुढे आली : कायदेशीर मदत मिळण्याची सोयच नव्हती, आणि एका वकिलाने दोन परदेशी कैदी महिलांना फसवल्याचीही तक्रार होती. 15 फेब्रुवारी 1983 च्या निकालातले आदेश आजही वाचण्यासारखे आहेत. महिलांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांवर महिला पोलिसांचा पहारा, महिलेची चौकशी महिला पोलिसाच्या उपस्थितीतच, अटकेची खबर तात्काळ नातेवाइकांना आणि विधी सहाय्य समितीला, दंडाधिकाऱ्याने आरोपीला ‘पोलिसांनी छळ केला का’ असे स्वतः विचारावे, आणि तुरुंगांनी कच्च्या कैद्यांच्या याद्या ठरावीक काळाने जिल्हा समितीला पाठवाव्यात. शिवाय अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारे पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत चिकटवायचे होते. अटक कशी करावी याबद्दलचे जे नियम आज आपण गृहीत धरतो, त्यांतले कितीतरी या निकालात आधीच दिसतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप जाणकारांचा आहे. ते म्हणतात की, हा सगळा न्यायमूर्तींच्या प्रायश्चित्ताचा काळ होता. भगवती आणि चंद्रचूड हे दोघेही 1976 च्या जबलपूर खटल्यात बहुमताच्या बाजूने होते. आणीबाणीत गमावलेली प्रतिष्ठा परत मिळवायला न्यायालयाला गरिबांचे खटले हवे होते, त्यामुळे श्रेय वकिलांना आणि संस्थांना देणे अतिशयोक्तीचे. या म्हणण्यात तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. जानेवारी 1978 च्या मनेका गांधी निकालाने ‘कायद्याची रीत न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे’ हे मान्य केले नसते, तर पुढचे काही शक्य झाले नसते. पण न्यायालयाची इच्छा असणे एक आणि हजारीबागच्या तुरुंगात कोण विसरले गेले आहे हे न्यायालयाला कळणे दुसरे. इच्छा दिल्लीत होती, माहिती हजारीबागेत होती. शिवाय तत्त्वच पुरेसे असते तर 1965 चा संझगिरी निकाल पुरेसा ठरला असता. तो सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक होता, तरी त्याच्या पुढच्या चौदा वर्षांत तो बिहारच्या बराकीपर्यंत पोहोचला नाही.

दुसरा आक्षेप सामान्य माणसाचा आहे आणि तो अधिक प्रामाणिक आहे. ज्याने दुसऱ्याचे वाटोळे केले त्याच्या सुखसोयींसाठी एवढी धडपड, मग ज्याचे वाटोळे झाले त्याच्यासाठी कोण धडपडते? हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण गुन्ह्याला बळी पडलेल्यांची आपल्या व्यवस्थेत होणारी उपेक्षा खरी आहे. पण या खटल्यांतली माणसे पाहा. हुसैनआरा खटल्यातल्या बहुतेकांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता, आणि काही स्त्रिया तर स्वतःच गुन्ह्याच्या बळी होत्या. बळी आणि कैदी हे दोन वेगळे वर्ग आहेत, हीच समजूत त्या याद्यांनी खोटी ठरवली. ज्यांचा गुन्हा सिद्ध झाला होता त्यांच्याबाबतही न्यायालयाने शिक्षा माफ केलेली नाही. होसकोट खटल्यात अपीलकर्त्याचा दोष स्पष्ट आहे असे सांगून त्याची याचिका फेटाळली गेली, आणि तरीही निकालाची प्रत मिळण्याचा हक्क त्याच निकालाने सगळ्यांना दिला. शिक्षा किती द्यायची ते न्यायाधीश ठरवतो. त्या शिक्षेत मारहाण, बेडी आणि विस्मरण यांची भर घालण्याचा अधिकार कायद्याने वॉर्डरला दिलेला नाही. कैद्याच्या बाजूने उभा राहणारा वकील न्यायालयाने दिलेल्या शिक्षेचीच राखण करत असतो, ती वाढू देत नाही.

तिसरा आक्षेप अधिकाराचा. या बाहेरच्या मंडळींना कैद्यांच्या वतीने बोलायला कोणी नेमले? ना कैद्यांनी निवडले, ना लोकांनी. शीला बर्से यांच्याच पुढच्या एका खटल्यात हा प्रश्न न्यायालयाने विचारला, वेगळ्या अंगाने. देशभरच्या तुरुंगांतल्या मुलांसाठी त्यांनी याचिका केली होती. राज्ये माहिती देत नव्हती, तारखांवर तारखा पडत होत्या. वैतागून त्यांनी 1988 मध्ये याचिका मागे घेण्याची परवानगी मागितली. न्यायालयाने नकार दिला. जनहिताची याचिका कोणा एकाच्या मालकीची नसते असे सांगून त्यांचे नाव काढून टाकले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या विधी सहाय्य समितीला त्यांच्या जागी उभे केले. मूळ तत्त्व बरोबर आहे. कैद्याचे दुःख हे याचिकाकर्त्याची मालमत्ता असू शकत नाही, आणि कैद्याला विचारल्याशिवाय त्याच्या नावाने भूमिका घेणाऱ्या संस्थांनी हे लक्षात ठेवले पाहिजे. पण ज्या व्यक्तीने त्या मुलांचा प्रश्न देशापुढे आणला तिलाच बाजूला सारले गेले, आणि जी राज्ये माहिती देत नव्हती त्यांचे आसन ढळले नाही. बाहेरच्या माणसाला अधिकार नाही असे म्हणायचे असेल, तर ज्यांना अधिकार होता त्या जेलरांनी, दंडाधिकाऱ्यांनी आणि सरकारी वकिलांनी दहा-चौदा वर्षे तो का वापरला नाही, याचे उत्तर आधी द्यावे लागेल.

सगळ्यांत कठीण आक्षेप आकड्यांचा आहे. विधी आयोगाने 1979 च्या आपल्या 78 व्या अहवालात दिलेल्या माहितीनुसार, 1 जानेवारी 1975 रोजी देशातल्या 2,20,146 कैद्यांपैकी 1,26,772 कच्चे कैदी होते, म्हणजे शंभरातले सुमारे 58. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 च्या अखेरीस 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, शंभरातले जवळजवळ 76. एवढे निकाल, एवढे तक्ते, एवढी पत्रे, आणि परिस्थिती अधिकच वाईट. मग हे सगळे कशासाठी केले? हा आकडा मी पळवाटेने टाळू इच्छित नाही. न्यायालयाने सूचना दिल्या, पण त्यांचा पाठपुरावा करणारी यंत्रणा उभी केली नाही. खटल्यांचा वेग वाढला नाही, अटकेची सवय सुटली नाही, जामिनाची अट पैशांतच मोजली जात राहिली. याचिकेने माणूस सुटतो, अटकेचा रोजचा कारखाना याचिकेने बंद होत नाही, ही या मार्गाची मर्यादा आहे. तरीही हाच आकडा माझ्या प्रतिपादनाला आधार देतो. हुसैनआरा खटल्यातला तक्त्याचा हिशेब पुढे कायद्यातच आला. दंड प्रक्रिया संहितेच्या 2006 पासून लागू झालेल्या कलम 436अ नुसार, काही अपवाद सोडता, कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत काढलेला कच्चा कैदी सुटकेला पात्र ठरू लागला. तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यांसाठी ही मर्यादा एक-तृतीयांशावर आणली. हक्क कायद्यात आहे, हिशेब करणारा मात्र प्रत्येक तुरुंगात नाही. तो जिथे आहे तिथे माणसे सुटतात.

यावर सरकारी उत्तर तयार असते : विधी सेवा प्राधिकरण आहे ना. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू आहे, आणि कोठडीतल्या प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, तो मोफत वकिलाचा हक्क देतो. ही त्या सहा वर्षांची मोठी कमाई आहे, आणि प्राधिकरणाच्या यादीवरचे अनेक वकील तुटपुंज्या मानधनावर मनापासून काम करतात. तरी ही व्यवस्था स्वतंत्र संस्थांची जागा घेऊ शकत नाही, याला कारण आहे. ज्या राज्याने माणसाला पकडले, जे राज्य त्याच्यावर खटला चालवते आणि जे त्याला आत ठेवते, त्याच राज्याच्या तिजोरीतून त्याच्या वकिलाचे मानधन येते. एका खटल्यात जामीन मागण्यापुरते हे चालते. तुरुंगाच्या नियमावलीवरच बोट ठेवायचे असेल, अधीक्षकाच्या विरोधात उभे राहायचे असेल, तेव्हा राज्याचे देणे न लागणारा माणूसच हवा. 1987 मध्ये बर्से यांच्याच आणखी एका खटल्यात याचा दाखला मिळाला. महाराष्ट्र सरकारने महिला कैद्यांच्या मुलाखती घेण्याची त्यांना दिलेली परवानगी, त्या मुलाखती ध्वनिमुद्रित करू लागताच काढून घेतली होती. इच्छुक कैद्यांच्या मुलाखती घेऊ द्याव्यात असे न्यायालयाने म्हटले, पण रीतसर परवानगीची अट कायम ठेवली. म्हणजे आत कोण जाणार ते आजही तुरुंगाचा दरवाजा ज्याच्या ताब्यात आहे तोच बहुतांशी ठरवतो.

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून तुरुंगांत आणि कोठड्यांत समाजकार्यकर्ते पाठवतो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तुरुंगात जातीवरून कामे वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले, तेव्हा त्या खटल्यामागेही मुंबईच्याच एका पत्रकाराचे, सुकन्या शांता यांचे, शोधकाम होते. झाडलोट आणि मैला साफ करण्याचे काम जातीकडे बोट दाखवून वाटणारे हे नियम राज्यघटना लागू झाल्यानंतर 74 वर्षे टिकले, ते लपवून ठेवले होते म्हणून नव्हे. ते छापील नियमावल्यांत होते, सगळ्यांना वाचता येण्यासारखे. ते न्यायालयापुढे ठेवायला कोणी उठले नाही, इतकेच. या साऱ्या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो आणि तो व्यवहाराचा आहे. स्वतंत्र वकील, समाजकार्यकर्ते आणि पत्रकार यांना तुरुंगात मिळणारा प्रवेश अधिकाऱ्याच्या कृपेवर अवलंबून न ठेवता कायद्याने दिला पाहिजे, तो नाकारायचा तर कारण लेखी द्यावे लागेल अशी तरतूद हवी, आणि कच्च्या कैद्यांच्या मुदतीचे तक्ते दर महिन्याला जाहीर झाले पाहिजेत. ज्या संस्था हे काम करतात त्यांना देणगी देताना समाजाने ती दया समजू नये. आपल्या नावाने चालणाऱ्या तुरुंगात आपल्या नावाने काय केले जाते, हे जाणून घेण्याची ती किंमत आहे, आणि ती नागरिकांनी स्वतः मोजायची असते, कारण सरकारने ती मोजली तर पाहणाराही सरकारचाच उरतो.